मेंढीवाली साळूबाई

कोपरवाडीत एखादी बाई हट्टाला पेटली, की जुनी माणसं अजून म्हणतात, "चालली बघा मेंढीवालीच्या वाटेनं!" नव्या पोरांना वाटतं, असेल कुणी मेंढरं राखणारी. कसली मेंढरं आणि कसलं काय! साळूबाईनं जन्मात एक कोकरू पाळलं नाही. तिची मेंढी पत्त्यांतली.

तिचं माहेर मेढ्याच्या वरच्या अंगाला, जावळीच्या डोंगरात. तिकडं एकदा पाऊस लागला की माणूस तीन महिने उंबऱ्याबाहेर पडायचं नाव घेत नाही. भात लावून झालं की गुरं गोठ्यात आणि माणसं चुलीपाशी. मग बायकांनी वाकळा शिवायच्या आणि गड्यांनी मेंढीकोट खेळायचा. साळूला भाऊ तीन. चौथा भिडू हवाच, म्हणून पोरीला खेळायला बसवली, आणि पोरगी अशी तयार झाली की पुढं भाऊच तिच्याविरुद्ध बसायला नको म्हणू लागले. मेंढीकोटात दश्शीला मेंढी म्हणतात. एक्का, राजा, राणी सगळे मारामारीला. डाव मोजायचा तो मेंढ्यांवर. चारांतल्या तीन मेंढ्या ज्याच्या घरात, त्यानं डाव जिंकला. आणि चारीच्या चारी आल्या तर मेंढीकोट! समोरच्यानं मान खाली घालून पत्ते पिसायचे. दश्शी म्हणजे सोनं, हे साळूच्या रक्तात भिनलं ते असं.

लग्न होऊन ती कराडपासून दोन कोसांवर कोपरवाडीत आली. नवरा नाथाजी, कृष्णाकाठची काळी जमीन, ऊस, दारात म्हैस. सासरी सून पत्ते खेळते म्हटल्यावर सासूनं भुवया अशा चढवल्या, की पंचवीस वर्षं साळूबाईनं पत्त्याला हात लावला नाही. लेक एकुलता एक, मानसिंग. उंच, देखणा, बोलायला मोठा गोड. चाळीस साली पलटणीत भरती झाला तेव्हा आख्खा गाव वेशीपर्यंत पोचवायला गेला होता.

मानसिंगनं आफ्रिका बघितली, इटली बघितली. इटलीत आघाडीच्या मागं विसाव्याला असताना गोऱ्या तोफखानेवाल्यांनी त्याला दारूगोळ्याच्या खोक्यावर पोकर शिकवला. तीन महिन्यांत ह्यानं शिकवणाऱ्यांचीच सिगारेटची डबडी रिकामी केली. पानं सगळ्यांनाच येतात, तो म्हणायचा, खरा खेळ समोरच्याच्या डोळ्यांत असतो. हा नुसता डोळ्यांत बघायचा आणि सांगायचा, ह्याच्याकडं जोडी आहे, ह्याच्याकडं काही नाही, हा नुसती हूल देतोय. पलटणीत त्याचं नाव झालं होतं. चव्वेचाळीस साली सुरुंग फुटला. जीव वाचला, दोन्ही डोळे गेले.

पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून तो घरी आला तो पंचेचाळीसच्या माघात. आला आणि सोप्यात भिंतीकडं तोंड करून बसला. बोलेना, हसेना. ताट पुढं ठेवलं तर जेवायचा, नाही ठेवलं तर मागायचाही नाही. गल्लीतल्या बायका यायच्या, डोळ्याला पदर लावायच्या. "सोन्यासारखं प्वार गं! आता जनमभर आयतं ताटावर बसून खाणार!" साळूबाईनं आठ दिवस हे ऐकून घेतलं. नवव्या दिवशी हातातलं केरसुणीचं बूड आपटून म्हणाली, "रडायचं आसंल तर आपापल्या घरी जाऊन रडा! हितं कुणी मेलं न्हाई!"

बायका गेल्या. पण मानसिंग काही भिंतीकडून वळला नाही.

एक दिवस त्याच्या ट्रंकेतले कपडे उन्हात टाकताना साळूबाईच्या हाताला पत्त्यांचा जोड लागला. पंचवीस वर्षांनी! तिनं तिथल्या तिथं बसून चारी दश्श्या शोधल्या, मांडीवर मांडल्या आणि आत जाऊन म्हणाली, "मानसिंगा, खेळायचा का मेंढीकोट?"

"दोगांत मेंढीकोट हुतोय व्हय, आये?" कित्येक दिवसांनी एवढं लांब वाक्य.

"मग दोगांत काय हुतं?"

"पोकर."

"त्यो कसा आसतोय?"

"जाऊं दे. त्याला डोळं लागत्यात."

साळूबाई उठली. तिनं वाकळेची जाड सुई घेतली आणि परसात जाऊन बसली. दोन दिवस ती टोचत होती. पानाच्या पाठीकडून सुई दाबली की पुढच्या बाजूला बारीक टेंगूळ येतं, आणि बोट फिरवलं की ते कळतं. तिनं मनानंच हिशोब बसवला. वरच्या कोपऱ्यात रंग: बदामाला एक टोचा, चौकटला दोन, किलवरला तीन, इस्पिकला चार. खाली पानाचा आकडा, पाच टोच्यांची एक ओळ. दश्शीला पाच-पाचाच्या दोन भरगच्च ओळी. गुलामाला फुली, राणीला बांगडी, राजाला चौकोन, एक्क्याला मधोमध एकटा टोचा. बाईला अक्षर म्हणून येत नव्हतं, अंगठा उठवायची. पण वाकळेवर टाका मोजून घालायला कुणी शिकवावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं एक पान मानसिंगच्या हातात दिलं. "बघ."

"काय बघू?" तो चिडून म्हणाला. पण बोट फिरलं होतं. फिरून थांबलं. पुन्हा फिरलं. "दोन वळी... पाच, पाच... आये, ही दश्शी?"

"कंची?"

"वर येकच टोचा हाय."

"बदामाची," साळूबाई म्हणाली. पोरगं भिंतीकडून वळून तिच्याकडं तोंड करून बसलं होतं. तिला जिवाच्या आकांतानं ओरडून आख्ख्या गल्लीला सांगावंसं वाटलं, माझ्या लेकानं पान वाचलं म्हणून.

मग खेळ सुरू झाला. पैशाचं नाव नाही. कणगीतला वाघ्या घेवडा काढला, दोघांना शंभर-शंभर दाणे. एक अडचण होती: पानांच्या पाठीवर सुईची भोकं दिसायची, म्हणजे साळूबाईला पोराची पानं मागून वाचता आली असती. मानसिंगनंच ते काढलं. "आये, आंधळ्याला फसवून जिकलीस तर त्ये जिकनं न्हवं." तेव्हा ठरलं, की मानसिंगनं मांडीवर वाकळ घ्यायची आणि पानं तिच्याखाली धरायची. आणि पत्ते वाटायचे ते नाथाजीनं, जोड आपल्या पटक्याखाली झाकून. नाथाजीला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. बियाणं पेरावं तसं एकेक पान तो मोजून द्यायचा. शेजारचा जोतीराम हवालदार, पहिल्या लढाईतला पेन्शनर, पंच म्हणून येऊन बसू लागला. उघडी झालेली पानं तो मोठ्यानं वाचून दाखवायचा.

"पाच पानं मिळत्यात," मानसिंगनं शिकवायला घेतलं. "बगायची. घेवडं लावायचं. नगं ती पानं टाकून तेवडीच नवी घ्यायची. फिरून घेवडं लावायचं. म्होरच्यानं लावलं तेवडं लावायची छाती नसंल तर पानं टाकायची आन् गप बसायचं."

"आन् भारी काय?"

"येका जातीची दोन ती जोडी. त्येच्यावर दोन जोड्या. त्येच्यावर तिकडी. मग वळीनं पाच, मग येका रंगाची पाच, मग तिकडी आन् जोडी मिळून भरलं घर, आन् मग चौकडी."

"म्हंजे दोन राजं आन् दोन एक्कं आसलं, तर तीन दुर्र्या त्यास्नी खात्यात?"

"खात्यात."

साळूबाईनं जरा विचार केला. "बराबर हाय. तीन गरीब येका भावकीचं एकदिलानं आलं तर राजाचं काय चालतंय!"

पोरगं हसलं. खरंच हसलं. पटक्याखाली जोड धरून बसलेल्या नाथाजीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या दिवशी त्यानं एका पानाऐवजी दोन वाटली.

खेळ समजणं वेगळं आणि येणं वेगळं. साळूबाई हरायची. रोज हरायची. तिची खोड एकच, आणि ती असली जबर की जोतीराम कपाळाला हात लावायचा. हातात आलेली दश्शी तिच्यानं टाकवत नसे. सत्त्यांची जोडी आली, बरोबर एखादी दश्शी आली, की शहाण्या माणसानं जोडी ठेवावी आणि तीन नवी पानं घ्यावीत. ही दश्शीला चिकटून बसायची आणि दोनच मागायची.

"आये, हितं मेंढीला कायबी मोल न्हाई गं!"

"आसं कसं न्हाई? माहेरचं सोनं उकिरड्यावर टाकू व्हय?"

"मेंढीवाली!" जोतीराम म्हणाला, आणि नाव पडलं ते पडलंच.

दोन पानं मागणारा म्हणजे तिकडीवाला, असा पोकरचा साधा आडाखा. पण साळूबाईनं दोन मागितली की मानसिंग हसून म्हणायचा, "जोडी आन् मेंढी," आणि तिचे घेवडे ओढून घ्यायचा.

ज्येष्ठात साताऱ्याच्या सोल्जर बोर्डाचं पत्र आलं. जोतीरामानं वाचून दाखवलं. डेहराडूनला आंधळ्या शिपायांसाठी शाळा निघाली आहे. बोटांनी वाचायला-लिहायला शिकवतात, विणकाम शिकवतात, कामधंद्याला लावतात. दीड-दोन वर्षं राहायचं. यायचं असेल तर नागपंचमीनंतरच्या सोमवारी साताऱ्यात हजर व्हावं.

"न्हाई जायचा मी," मानसिंग म्हणाला. "आंधळ्यांच्या कळपात जाऊन बसू? हितंच बरा हाय."

नाथाजी लगेच म्हणाला, "बरूबर हाय. आपल्याला काय कमी हाय? बसून खाईल माजं लेकरू."

साळूबाई मात्र चुलीशी जाऊन बसली. पोटचा गोळा हजार मैल दूर पाठवायचा, हा विचारच तिला सोसवेना. पण "बसून खाईल" हे शब्द तिला त्याहून टोचले. गल्लीतल्या बायका तरी दुसरं काय म्हणत होत्या? आज आई आहे, बाप आहे. उद्या? उद्या कुणाच्या ताटावर? ती तशीच उठून बाहेर आली.

"मानसिंगा, तू जायचं."

"आये, हट्ट करू नगंस."

"हट्ट तुजा हाय."

मानसिंग वैतागला आणि हसण्यावारी न्यायला म्हणाला, "बरं! ज्या दिशी तू माजं समदं घेवडं जिकशील, येकबी दाना ठेवनार न्हाईस, त्या दिशी जाईन!"

"जबान?"

"शिपायाची जबान."

जोतीराम मोठ्यानं हसला. नाथाजीही हसला. मेंढीवाली पोराला नागवा करणार! साळूबाई हसली नाही. शिपायाची जबान तिनं पदराच्या गाठीला बांधली.

त्या दिवसापासून ती निराळी खेळू लागली. पहिल्यांदा शिकली ते पानं टाकायला. कराडच्या बाजारात बैल घ्यायला गेलं म्हणून दिसेल तो बैल कुणी विकत घेत नाही. दहा बघावेत, नऊंच्या पाठीवर थाप मारून पुढं जावं. तसे दहांतले सात डाव ती सोडून देऊ लागली. दुसरं तिला कळलं ते मागून बोलायचं, म्हणजे समोरच्यानं घेवडे लावल्यावरच आपले लावायचे. भाव आधी बोलतो तो फसतो, हे बाजारात तिला कोण शिकवणार? ज्या डावात मानसिंगला आधी बोलावं लागे त्या डावात ती दोन घेवडे जास्त लावी.

तरी एक कोडं सुटेना. तिच्याकडं चांगली पानं आली की मानसिंग डाव टाकून मोकळा! एकदा नाही, दरवेळी. डोळे नाहीत, मग ह्याला कळतं कसं? एका सकाळी धार काढायला ती म्हशीपाशी गेली. ती खाली बसायच्या आत म्हैस पान्हावली. साळूबाई चरवी धरून तशीच थांबली. म्हशीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं. तिनं ऐकली होती काकणं. आणि साळूबाईला लख्ख उजेड पडला. चांगलं पान आलं की आपला हात थरथरतो, काकणं किणकिणतात!

"म्हशीला कळतं ते माज्या लेकाला कळनार न्हाई व्हय!" ती स्वतःशीच म्हणाली. राग यायचा सोडून तिला अभिमानच वाटला. डोळे गेले तरी पोरगं माणूस वाचत होतं. आता कानांनी वाचत होतं. असल्या पोराला ताटावर बसवून ठेवायचं?

सवाष्णीनं काकणं काढायची नाहीत. तिनं ती दंडापर्यंत चढवली आणि वरून चिंधी आवळून बांधली. त्या दुपारी मानसिंग पहिल्यांदा गोंधळला. कान टवकारून बसला, पण ऐकायला काही नव्हतं. पन्नास घेवडे हरला आणि म्हणाला, "आये, तुला कळलं तर!"

"तू तर सांगनार न्हवतास."

"म्होरच्याची खोड त्येला कुनी सांगतं व्हय?"

हे वाक्य साळूबाईनं फार नीट ऐकून ठेवलं. आपली दुसरी खोड तिला ठाऊक होती. आख्ख्या गावाला ठाऊक होती. आता दश्शी टाकायला तिच्या जिवावर येत नव्हतं, ते केव्हाच सुटलं होतं. पण हे मानसिंगला कुठं माहीत? मग तिनं एक उद्योग केला. लहानसहान डावांत, दोन-चार घेवड्यांचा सवाल असताना, ती मुद्दाम जोडीबरोबर मेंढी ठेवी, दोन पानं मागे आणि हरे. "मेंढीनं घात केला गं बाई!" म्हणून कपाळ बडवून घेई. जोतीराम मान हलवायचा, "सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई, वैनी." ती आषाढभर अशी हरत राहिली. बियाणं मातीत घातल्याशिवाय पीक येत नाही, हे शेतकऱ्याच्या बाईला ठाऊक असतं.

नागपंचमी झाली. रविवार आला. दुसऱ्या दिवशी साताऱ्यात हजर व्हायचं होतं. दुपारची जेवणं झाली आणि साळूबाईनं सोप्यात घोंगडं अंथरलं. दोघांपुढं शंभर-शंभर घेवडे मोजून ठेवले.

"आज शेवटचं," ती म्हणाली.

"आज संपलं की हे खूळ संपलं," मानसिंग म्हणाला.

दोन तास झुंज चालली. कधी ह्याचे वीस वाढायचे, कधी हिचे. उन्हं कलली तेव्हा साळूबाईपुढं एकशे दहा होते आणि मानसिंगपुढं नव्वद. नाथाजीनं पटक्याखालून पानं वाटली. साळूबाईनं उचलली. सत्ती. चौकी. बदामाची दश्शी. किलवरची दश्शी. इस्पिकची दश्शी.

तीन मेंढ्या!

तिचा हात थरथरला, पण चिंधीनं काकणांना बोलू दिलं नाही. मानसिंग आधी बोलला, पाच घेवडे. तिनं पाच लावले. मानसिंगनं एक पान टाकून एक घेतलं. एक घेतलं, म्हणजे दोन जोड्या तरी असणार.

"तुला किती, वैनी?" जोतीरामानं विचारलं.

साळूबाईनं जरा वेळ लावला, उसासा टाकला आणि सत्ती-चौकी खाली ठेवली. "दोन."

"जोडी आन् मेंढी," मानसिंग हसला. वाकळेखाली त्यानं नवं पान चाचपलं. मग दोन्ही हातांनी आपल्यापुढची रास गोळा केली आणि घोंगड्याच्या मधोमध सारली. "समदं."

साळूबाईनं पोराकडं बघितलं. काळवंडलेल्या पापण्या, ओठांवर ते जुनं, पलटणीतलं हसू. माघापासून ह्याच खेळानं हे हसू परत आणलं होतं. आणि तिला उमगलं, की आता नुसती पानं पालथी टाकली तर कुणालाच काही कळणार नाही. पालथी पानं कुणी उघडत नाही. पोरगं घरी राहील. उद्या पुन्हा घोंगडं अंथरता येईल, परवा येईल, आपले डोळे मिटेपर्यंत येईल. इतकं सोपं होतं ते! तिचा हात पानांसकट खाली झुकलासुद्धा. नाथाजी तिच्याकडंच बघत होता. त्याला खेळ कळत नव्हता, पण बायको कळत होती. तो मानेनं नको-नको म्हणत होता.

"आंधळ्याला फसवून जिकलीस तर त्ये जिकनं न्हवं," असं पोरगं म्हणालं होतं. मग आंधळ्याला फसवून हरणं तरी काय होतं? साळूबाईनं पंच्याऐंशी घेवडे मोजून मधे सारले.

"बघते."

मानसिंगनं पानं वाकळेबाहेर काढून मांडली. जोतीराम वाचू लागला, "एक्के दोन. राण्या दोन. वर नव्वी."

साळूबाईनं आपली एकेक करून ठेवली. जोतीराम वाचू लागला आणि त्याचाच आवाज चिरकत गेला. "पंजी. गुलाम. बदाम दश्शी. किलवर दश्शी. इस्पिक..."

"इस्पिक दश्शी," मानसिंगच म्हणाला. पुढं झुकून त्यानं तिन्ही पानांवरून बोटं फिरवली. पाच-पाचाच्या ओळी, सहा वेळा. "चौथी मीच टाकली हुती, आये. चौकटची. मला वाटलं, येक तर माज्याकडनं गेली, ऱ्हायल्या तिन्ही हिच्याच हातात कशा येत्याल?"

"तूच म्हनलास, हितं मेंढीला मोल न्हाई."

"आन् आषाढभर जी हरत हुतीस?"

"म्होरच्याची खोड सांगायची नसती. तसंच आपली खोड मोडली म्हनूनबी सांगायचं नसतं."

मानसिंगनं तोंड वर केलं आणि असा खदखदून हसला की गोठ्यातली म्हैस हंबरली. हसता हसता तो उठला, चाचपडत उंबऱ्यापाशी गेला आणि गल्लीत ओरडला, "ऐका रं! मला आयेनं हरवलं! मानसिंगाला! तोफखान्याचं गोरं ज्येला हरवू शकलं न्हाईत, त्येला माज्या आयेनं नागवा केला!" भिंतीकडं तोंड करून बसलेला तो पोरगा गल्लीनं सहा महिन्यांनी उभा बघितला. माणसं गोळा झाली. साळूबाई घोंगड्यावर बसून घेवडे गोळा करत होती आणि रडत होती. जिंकल्याचं रडू कुठलं आणि लेक चालल्याचं कुठलं, हे तिलाही सांगता आलं नसतं. ऊर मात्र अभिमानानं भरला होता, हे ती पुढं कुणालाही खुशाल सांगायची.

सोमवारी पहाटे शिदोरी बांधली. मानसिंग जोतीरामाचा हात धरून, ताठ मानेनं, इस्त्रीच्या वर्दीत निघाला. जाताना आईच्या पायाला हात लावून म्हणाला, "जबान पाळली."

"शिपाई हायस," ती म्हणाली. "पाळनारच."

पुढं घर खायला उठलं. नाथाजी पंधरा दिवस बायकोशी बोलला नाही. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, पत्त्यांच्या खेळात पोर घालवलं गं बयेनं. साळूबाई धार काढायची, ऊस भांगलायची आणि दुपारी एकटीच वाकळ शिवायची. श्रावण गेला, दसरा गेला. बोर्डाकडून दोन ओळींची खुशाली तेवढी आली, तीही दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली.

दिवाळीच्या तोंडावर टपालवाल्यानं जाड, बदामी कागदाचं पाकीट आणलं. जोतीरामाला बोलावलं. त्यानं चष्मा चढवला, पाकीट फोडलं, कागद उलटा केला, सुलटा केला.

"वैनी, ह्यात तर येकबी अक्षर न्हाई. निस्तं पुरळ उठल्यावानी दिसतंय. डाकेत काय भिजलं का काय?"

साळूबाईनं शिवणाचा हात थांबवला. "द्या हिकडं, हवालदार. तुमाला न्हाई यायचं ते वाचाया."

तिनं कागद मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. बोट वरच्या कोपऱ्यात गेलं. एक टोचा, खाली पाच, पाच. पुढं तीन टोचे. खाली पाच, पाच. पुढं चार; पाच, पाच. टोचे एका मापाचे, एका अंतराचे, तिच्या टाक्यांहून नेटके. असे टोचे घालायला हात सरावलेला लागतो. शिकला होता पोरगा. शिकत होता.

मग बोट खालच्या ओळीवर आलं. तिथं एकच पान होतं. दोन टोचे. पाच, पाच.

"काय लिवलंय?" नाथाजीला राहवेना. पंधरा दिवसांचा अबोला संपला होता तरी ह्या विषयावर तो आजच बोलत होता.

"चौकटची धाडलीया," साळूबाई म्हणाली. अंगठा उठवणाऱ्या त्या बाईनं जन्मात पहिल्यांदा आपल्याला आलेलं पत्र आपण वाचलं होतं. तिचं तोंड असं फुललं, की जोतीरामानं चष्मा काढून तिच्याकडं बघितलं. "चारी झाल्या. मेंढीकोट!"

नाथाजीला कळलं काहीच नाही, पण त्यानं पटका काढून डोळे पुसले. साळूबाईनं कागदाची घडी पोलक्यात ठेवली आणि बोर्डाच्या जुन्या पत्राची कोरी बाजू काढून सुई शोधू लागली. पत्र आलं की उत्तर लगेच धाडायचं असतं, एवढं तिला ठाऊक होतं.